शेत सरासरी नसतं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मय झालं, संविधान झालं, शिवचरित्र तर होतच असतं. युरियावर बोलायला मात्र बहुधा कोणी उभं राहिलेलं नाही. संयोजकांनी विषय विचारला, मी ‘मक्याचं खत’ म्हणालो, तर फोनवर क्षणभर आवाजच आला नाही. मग म्हणाले, “चालेल सर, पण थोडं रंजक करा.” रंजक होईल की नाही ते तुम्ही ठरवा. मृग तोंडावर आला आहे आणि इथल्या निम्म्या घरांत तरी मक्याच्या बियाण्याच्या पिशव्या येऊन पडल्या असतील, तेव्हा विषय वेळेवरचा आहे एवढं नक्की.

सिल्लोड, कन्नड, वैजापूर, येवला, मालेगाव, तिकडे जळगाव-धुळे, हा सगळा पट्टा आपल्या डोळ्यांदेखत मक्याचा झाला. बाजरी मागे सरली, काही गावांत कापूसही सरला. आधी कोंबडीखाद्यवाल्यांनी मका उचलला, मग स्टार्चच्या कारखान्यांनी, आता इथेनॉलवाले दारात उभे आहेत. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी देशात आली, पोंगे पोखरले, तरी मका हटला नाही. पण हे पीक खादाड आहे, हे विसरून चालणार नाही. एक टन दाणा तयार करायला मक्याचं झाड साधारण वीस ते पंचवीस किलो नत्र उचलतं. एकरी तीस क्विंटलचं पीक घ्यायचं तर साठ ते पंचाहत्तर किलो नत्र त्याच्या पोटात गेलं पाहिजे.

हे नत्र येतं कुठून? तुम्ही म्हणाल, गोणीतून. काही गोणीतून येतं, खरं आहे. पण मोठा हिस्सा जमीन देते. काडी-कचरा कुजून, शेणखतातून, मागच्या पिकाच्या मुळांतून, सेंद्रिय कर्बातून ती देते. किती देते? इथेच सगळी मेख आहे. एक जमीन निम्म्याहून जास्त देते, दुसरी पावही देत नाही, आणि या दोन जमिनी एकाच गट नंबरात असू शकतात. गोणीचं काम असतं ते कमी पडेल तेवढं पुरवायचं. कमी किती पडतंय हे ठाऊक नसताना आपण एकरी तीन गोण्या ठोकून मोकळे होतो.

आता पहिला मुद्दा. खताची शिफारस म्हणजे काय?

मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश ही शिफारस आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. संकरित वाणांसाठी पुढे १५०:७५:७५ अशी वाढीव मात्राही आली. हे आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. संशोधन केंद्रांच्या शेतांवर प्रामाणिकपणे प्रयोग झाले, वेगवेगळ्या वर्षांचे उतारे एकत्र केले, सरासरी काढली आणि तिला शिफारस म्हटलं. ज्याच्याकडे दुसरी कसलीच माहिती नाही, त्याने यापासून सुरुवात करावी, त्यात वावगं काही नाही. अडचण पुढे होते. सरासरी काढताना बरड माळ आणि नाल्याकाठची भारी काळी एकमेकांत मिसळून जातात. मग तयार होतो असा एक आकडा, जो दोघींनाही लागू पडत नाही.

तुमचंच वावर डोळ्यांसमोर आणा. चार एकर आहे. वरचा तुकडा टेकडीच्या पोटाशी, वीतभर मातीखाली मुरूम लागतो. खालचा नाल्याकडे, पुरुषभर काळी, पावसाळ्यात चार-चार दिवस पाणी धरते. मधला मध्यम. आणि गोठ्याजवळची एक पट्टी, जिथे आजोबांच्या काळापासून उकिरडा होता. तिथे काहीही टोका, तरारून येतं. मागच्या उन्हाळ्यात धनगरांनी ज्या तुकड्यात मेंढ्या बसवल्या, तो आणखी वेगळा. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. पेरायला जाता तेव्हा कुठे वाफसा आधी येतो, कुठे पाभर अडकते, हे डोळे मिटून सांगाल. मग खत टाकताना हे शहाणपण कुठे जातं?

हा फक्त आपलाच अनुभव नाही. आफ्रिकेत मका हे पोटाचं पीक आहे. झिंबाब्वेतल्या मुरेवा भागात संशोधकांनी छोट्या शेतकऱ्यांची शेतं घराजवळची आणि लांबची अशी वेगळी मोजली. घराजवळ जनावरांचं शेण पडत आलेलं, लांबच्या रेताड शेतांना वर्षानुवर्षं काहीच मिळालेलं नाही. त्या लांबच्या, पार झिजलेल्या शेतांत नत्र-स्फुरद घातलं तरी मका फारसा हलायचा नाही. आधी काही वर्षं सलग शेणखत द्यावं लागायचं, मग कुठे गोणीतलं खत लागू पडायचं. म्हणजे शेतं तीन जातींची. एकाला जास्त खत नको आहे, दुसरं खताला छान उत्तर देतं, तिसरं उत्तरच देत नाही. तिघांच्या तोंडात तीच मात्रा कोंबली, तर पहिल्यात पैसे गेले, तिसऱ्यात पैसे गेले, आणि मधल्याला कदाचित कमी पडलं.

जाता जाता मक्याचंच एक जुनं शेत सांगतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १८७६ पासून मक्याचे प्रयोग चालू असलेला एक छोटा तुकडा आहे, मॉरो प्लॉट्स म्हणतात. एका भागात दरवर्षी मकाच, दुसऱ्यात मका फेरपालट करून. खत न घालता सारखा मका घेतलेल्या पट्टीतलं पीक पार खाली आलं, फेरपालटाच्या पट्टीतलं बरंच टिकून राहिलं. पुढे विद्यापीठाला शेजारी ग्रंथालय बांधायचं होतं. इमारतीची सावली मक्यावर पडेल म्हणून ते जमिनीखाली बांधलं! आपल्याकडे प्रयोगाच्या शेतातून रस्ता जातो, तो भाग वेगळा.

मॉरो प्लॉट्सवरून आपल्याला घ्यायचं ते हे: मागचं पीक काय होतं, हा खताचा पहिला प्रश्न आहे. हरभऱ्यामागून येणारा मका आणि मक्यामागून येणारा मका यांची भूक वेगळी. कांद्यामागून येणाऱ्या मक्याचं तर निराळंच प्रकरण. येवला-वैजापूरकडे कांद्याला डीएपी आणि मिश्रखतं हात सैल सोडून दिली जातात. स्फुरद जमिनीत फार हलत नाही, पुष्कळसं तिथेच शिल्लक राहतं. अशा शेतात मक्याला पुन्हा एकरी दोन गोण्या डीएपी कशासाठी? कृषी सेवा केंद्रवाल्याने सांगितलं म्हणून?

आता दुसरा मुद्दा, आणि मला जास्त वेळ इथेच घ्यायचा आहे. जमीन किती देते, हे कळायचं कसं?

पहिलं उत्तर माती परीक्षण. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सूरतगडला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. पत्रिकेवर बारा घटक असतात. योजना चांगली, हेतू चांगला. पण नमुना घ्यायची रीत पाहा. कोरडवाहूत दहा हेक्टरच्या चौकटीला एक नमुना, बागायतीत अडीच हेक्टरला एक. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन सव्वा ते दीड हेक्टरच्या मध्ये आहे. म्हणजे कोरडवाहूत सात-आठ जणांच्या वावरांतून मिळून एक पत्रिका. तुमच्या हातातल्या कार्डावर नाव तुमचं असतं, माती शेजाऱ्याची असू शकते. मघाशी सरासरीला नावं ठेवली, तीच सरासरी इथे कार्ड घेऊन पुन्हा दारात आली.

म्हणून आपल्या तुकड्याचा नमुना आपण घ्यावा. तुकडा वेगळा दिसतो तिथे नमुना वेगळा. आणि अहवाल वाचताना एक तारतम्य ठेवावं. सामू, स्फुरद, पालाश, जस्त यांच्या आकड्यांवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत जस्ताची उणीव सर्रास आढळते. कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसले की झिंक सल्फेट लागणार हे समजावं, आणि ते डीएपीत मिसळून देऊ नये, कारण स्फुरद आणि जस्त एकमेकांना अडवतात. नत्राचा आकडा मात्र सगळ्यात कच्चा. नत्र पावसाबरोबर, उन्हाबरोबर, मातीतल्या जीवाणूंबरोबर रोज बदलत असतं. एप्रिलात काढलेला नमुना ऑगस्टमध्ये जमीन किती नत्र देईल हे फारसं सांगू शकत नाही.

मग नत्राचं काय करायचं? शेतालाच विचारायचं.

हे मी आलंकारिक बोलत नाही. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असा एक चौकोन आखा. बांधाला लागून नको, झाडाच्या सावलीत नको. त्यात स्फुरद, पालाश, जस्त सगळं द्या, फक्त नत्र देऊ नका. म्हणजे तिथे डीएपीही नको, कारण डीएपीत अठरा टक्के नत्र असतं. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट वापरा. शास्त्रज्ञ याला वजावटीचा प्लॉट म्हणतात, मी आपलं उपाशी चौकोन म्हणतो. कापणीला त्यातली कणसं वेगळी वाळवा, वेगळी सोला, वजन करा. तो चौकोन जे देतो, ते तुमच्या जमिनीच्या स्वतःच्या नत्रावर आलेलं पीक.

आता हिशेब बघा. समजा, तुमचं लक्ष्य एकरी तीस क्विंटल आहे. उपाशी चौकोनाचा उतारा एकरी पंधरा क्विंटल निघाला. म्हणजे पंधरा जमिनीने दिले, उरलेले पंधरा खताने द्यायचे. नीट वेळेवर, मातीआड दिलेलं एक किलो नत्र साधारण वीस-पंचवीस किलो दाणे वाढवतं. पंचवीस धरू. पंधराशे किलोला साठ किलो नत्र. युरियात शेकडा शेहेचाळीस नत्र, म्हणजे सुमारे एकशे तीस किलो युरिया, पंचेचाळीस किलोच्या तीन गोण्यांना थोडा कमी. आता दुसरं वावर घ्या, गोठ्याजवळचं. तिथला उपाशी चौकोन बावीस क्विंटल देतो. खताने द्यायचे आठ. म्हणजे बत्तीस किलो नत्र, सत्तर किलो युरिया. दीड गोणी. लक्ष्य एक, वाण एक, बांधही एक, आणि खत निम्मं! डीएपी टाकत असाल तर त्याच्या पन्नास किलोच्या गोणीतलं नऊ किलो नत्र यातून वजा करा. हे वजा करायचं सगळेच विसरतात.

आणि दुसऱ्या शेतातला उतारा घसरतो का? नाही. त्या शेतात जास्तीचं नत्र घालून काय होतं? ताटं माजतात, वारा आला की लोळतात, आणि उरलेलं नत्र विहिरीच्या पाण्यात उतरतं.

ही कल्पना आहे कुणाची? आपल्या देशातलीच आहे, हे अभिमानाने सांगावं आणि लाजेनेही. १९६७ च्या सुमारास डॉ. बी. रामामूर्ती यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की आधी उत्पादनाचं लक्ष्य ठरवा, माती किती देते ते मोजा, उरलेलं खतातून द्या. त्यावर देशभर समन्वित प्रकल्प उभा राहिला, राहुरीलाही त्याचं केंद्र झालं, पिकांची समीकरणं निघाली. ती अहवालांत छापली गेली आणि बरीचशी तिथेच राहिली. पुढे १९९० साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी केनियातल्या मक्याच्या प्रयोगांवरून एक पद्धत मांडली. नत्र, स्फुरद आणि पालाश वेगवेगळे न पाहता एकमेकांच्या संगतीत पाहायचे. त्याच दशकात फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने वजावटीच्या प्लॉटवर आधारलेली, शेतागणिक खत ठरवायची रीत भातासाठी बसवली. मग ती मक्याकडे आली, आणि मेक्सिकोतल्या मका-गहू संशोधन केंद्राच्या साथीने तिचं संगणकावर चालणारं साधन झालं. चार-सहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, ते मात्रा सांगतं.

मेक्सिकोचं नाव निघालं, म्हणून एक विषयांतर करतो. अध्यक्ष घड्याळ बघत आहेत, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते केंद्र ज्या टेस्कोको परिसरात आहे, तिथेच चापिंगोचं कृषी विद्यालय आहे. तिथे १९२० च्या दशकात मका शिकवणारा एक प्राध्यापक आपल्या वर्ध्याचा होता. डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतला क्रांतिकारक, इंग्रजांना चुकवत देशोदेशी फिरलेला माणूस, मक्याच्या मायदेशी जाऊन मक्याचे नवे वाण काढत होता आणि खेड्यांत शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवत होता. दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते परतले, १९६७ साली नागपुरात वारले. ज्याने मेक्सिकोच्या शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या कडेला उभं राहून शिकवलं, त्याचं नाव आपल्या किती कृषी पदवीधरांना ठाऊक असेल? असो.

तिसरा मुद्दा वेळेचा. इथे मी थोडक्यात आटोपणार होतो, पण प्रत्यक्षात पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

पहिला महिनाभर मक्याचं झाड फार कमी नत्र मागतं. गुडघ्याएवढा मका झाला की कणसावर दाण्यांच्या ओळी किती बसणार हे आतल्या आत ठरायला लागतं, आणि तिथून तुरा पडेपर्यंत झाड नत्रावर तुटून पडतं. म्हणून नत्र तीन हप्त्यांत द्यायचं. थोडं पेरताना, थोडं महिन्याने, थोडं चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. आपण काय करतो? युरिया येईल तेव्हा देतो. दुकानात गाडी लागली, रांग लागली, त्यातून लिंकिंग, म्हणजे युरियाबरोबर नको असलेली बाटली गळ्यात. मिळालेला युरिया मग पाऊस पडून गेल्यावर ओल्या जमिनीवर भिरकावतो. आपल्या जमिनींचा सामू आठच्या वर. वर पडलेला युरिया अमोनिया होऊन उडून जातो. खालच्या भारी तुकड्यात पाणी साचलं तर नत्र वायू होऊन जातं. वरच्या मुरमाडात ते पावसाबरोबर खाली निघून जातं. तीन तुकड्यांत तीन वाटांनी जातं, झाडाला मात्र मिळत नाही. वर काही दाणे पोंग्यात पडतात आणि पान करपतं ते वेगळंच.

म्हणून मुरमाडात हप्ते जास्त आणि लहान. भारीत पाणी उतरल्यावर, वाफशावर. आणि कुठेही ओळीच्या बाजूला, मातीआड, लगेच कोळपं. हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्ष खत घालतात बायका, घमेलं कमरेला लावून, रोजंदारीवर, दिवसात किती ओळी झाल्या यावर मुकादमाची नजर. आज या सभागृहात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. खताचं प्रशिक्षण असतं तेव्हाही चित्र हेच असतं. मग मातीआड खत जाणार कसं?

नत्राची वेळ पाहायला एक स्वस्त साधन आहे. हिरव्या छटांची प्लॅस्टिकची पट्टी. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात मक्यासाठी तिची पारख झाली. सहा पानांपासून तुरा पडायच्या आधीपर्यंत, वरचं पूर्ण उलगडलेलं पान आपल्या सावलीत धरून पट्टीशी ताडायचं. पानाची छटा पट्टीवरच्या पाच क्रमांकाच्या छटेपेक्षा फिकी असेल तर नत्राचा छोटा हप्ता, नसेल तर थांबायचं. थांबायचं, हे आपल्याला जड जातं. शेजाऱ्याने तिसरी गोणी टाकली की आपला हात शिवशिवतो.

पालाशाचं दोन वाक्यांत सांगतो. मक्याने उचललेल्या पालाशचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग ताटात आणि पानांत राहतो. आपल्या काळ्या जमिनी पालाशने बऱ्यापैकी भरलेल्या आहेत, त्यामुळे दाण्याचा मका घेणाऱ्याला पटकन उणीव दिसत नाही. पण मुरघासासाठी हिरवा मका मुळापासून कापून गोठ्यात नेणाऱ्याने, आणि शेण परत त्याच वावरात न टाकणाऱ्याने, दोन-तीन वर्षांनी खालच्या पानांच्या कडा करपल्या तर नवल मानू नये.

इथवरचं धरून ठेवा: जमीन देते ते आधी मोजा, उणे तेवढंच द्या, आणि झाड मागेल तेव्हा द्या.

हे इतकं सरळ आहे, तर होत का नाही? आता शेवटचा आणि थोडा कडू मुद्दा. शेतकरी अडाणी आहे म्हणून होत नाही, असं शहरात म्हणतात. मला हे मान्य नाही. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. डीएपीची पन्नास किलोची १३५० ला. १ एप्रिल २०१० पासून पोषक घटकांवर आधारित अनुदान सुरू झालं, त्यातून युरिया वगळला. स्फुरद-पालाश महागले, युरिया जिथल्या तिथे. ज्याचा भाव मातीमोल, ते जास्त वापरलं जाणार, यात अडाणीपणा कसला? बाजाराचा हिशेब त्याला बरोबर कळतो. गंमत म्हणजे सरकारलाही शेतकरी कळतो. २०१८ मध्ये युरियाची गोणी पन्नासवरून पंचेचाळीस किलोची केली, कारण शेतकरी किलोत मोजत नाही, गोण्यांत मोजतो. गोणी लहान केली की वापर आपोआप कमी! युक्ती नामी, पण ती माळालाही तेवढीच आणि मळ्यालाही तेवढीच.

धोरणकर्त्यांच्या तोंडी असलेलं ४:२:१ हे प्रमाणही तसंच. नत्र, स्फुरद, पालाश देशभर या प्रमाणात वापरले जावेत, म्हणे. हे प्रमाण उत्तरेतल्या भात-गव्हावरून आलं. सिल्लोडच्या मक्याने ते का पाळावं? कांद्याखालच्या शेतात दोन भाग स्फुरद कशाला? देशाच्या ताळेबंदाला असा आकडा उपयोगी असेल, वावराला नाही.

तेव्हा कृषी विभागाकडे माझी मागणी एकच आहे. गावागावांत प्रात्यक्षिकं करता, फलक लावता, फोटो काढता. त्याऐवजी प्रत्येक गावात वेगवेगळ्या जमिनींवर वीस उपाशी चौकोन करा, त्यांचे उतारे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. माळावरचा अमुक, मध्यम जमिनीचा तमुक, नाल्याकाठचा इतका. दोन हंगामांत त्या गावाची स्वतःची शिफारस तयार होईल, आणि ती गावातल्या बायकापुरुषांनी मोजलेली असेल.

मला ठाऊक आहे, आता मागच्या रांगेतून प्रश्न येणार: “उपाशी चौकोनात पीक कमी येईल, ते नुकसान कोण भरणार?” हिशेब करूनच आलो आहे. पाच बाय पाच मीटर म्हणजे पंचवीस चौरस मीटर. एकरी तीस क्विंटलच्या दराने तिथे साडेअठरा किलो मका निघाला असता. निम्मा बुडाला असं धरा, सव्वानऊ किलो. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये. नुकसान दोनशे बावीस रुपये, युरियाच्या एका गोणीहून कमी. आणि हमीभाव बाजारात क्वचितच मिळतो हे लक्षात घेतलं, तर त्याहूनही कमी.

आता विचारा.